कॅमेरा उचलला की बदकं पाठ फिरवतात: शहरी तलावांवरचं समस्या निवारण

हे टिपण शहरातल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या जंगली बदकांच्या फोटोंबद्दल आहे. तलाव म्हणजे पुण्याचा पाषाण, सोलापूरचा कंबर तलाव, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा अंबाझरी, अशा जातीचे. काठावर फिरायची वाट, कठडा, बाकडी, भटकी कुत्री आणि मधोमध थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, हळदीकुंकू, अडई. बागेत पाळलेली पांढरी बदकं यात धरलेली नाहीत, ती पायाशी येतात.

लक्षणं

- काठाजवळ चरणारी बदकं तुम्ही थांबताच आत सरकतात. फोटोत फक्त शेपट्या.
- थवा एकदम उडतो. कार्डावर उरतात पंखांची टोकं आणि पाणी.
- कधीही जा, बदकं चोच पाठीत खुपसून झोपलेली.
- बदक फ्रेमच्या मधोमध ठिपक्याएवढं. कापून मोठं केलं की पिसं विरघळतात.
- थापट्याचं हिरवं डोकं काळंठिक्कर येतं, छातीचा पांढरा भाग मात्र जळलेला, म्हणजे नुसता पांढराफटक.
- पिसं ओली फुंकर मारल्यासारखी मऊ दिसतात, शटर कितीही वाढवलं तरी.
- ऑक्टोबरात सगळी बदकं तपकिरी, नर-मादी ओळखू येत नाहीत.

शेवटचं लक्षण आधी निकाली काढू, कारण त्याला इलाज नाही आणि लागतही नाही. स्थलांतर करून आलेले नर सुरुवातीला मादीसारख्या साध्या पिसाऱ्यात असतात. बहुतेकांचा रंग डिसेंबरपर्यंत भरतो. भुवई बदकाचा नर सगळ्यांत उशिरा रंगतो, त्याची पांढरी भुवई नीट हवी असेल तर फेब्रुवारी-मार्च धरा.

बाकीच्या लक्षणांत बहुतेकजण थेट मोठ्या लेन्सची किंमत बघायला लागतात. ती तपासणी या यादीत खूप खाली आहे आणि मुद्दाम तिथे ठेवली आहे.

१. आधी बघा, पळवणारे तुम्हीच आहात का? (खर्च शून्य)

थवा उडाला की पहिली नजर आकाशात टाका. पाणकणसावरून भोवत्या (पाणथळीवरचा शिकारी पक्षी) घिरट्या घालत असेल, तर तुम्ही काठावर नसतात तरी बदकं उडालीच असती. दुसरी नजर काठावर: कुत्रं पाण्यात उतरलंय का, कोणी पाव-पॉपकॉर्न फेकतंय का, जलपर्णी काढणारं यंत्र चालू आहे का. यांपैकी काही असेल तर त्या दिवशी तंत्र सुधारून उपयोग नाही. त्रास संपेपर्यंत बसून राहा किंवा दुसरा कोपरा गाठा.

जलपर्णी वाढलेल्या तलावात उलटा फायदाही होतो. उघडं पाणी कमी उरतं आणि बदकं त्या तुकड्यात दाटीनं बसतात. तो तुकडा काठापासून किती लांब आहे ते आधी रिकाम्या हातानं फिरून पाहून या.

२. वेळ (खर्च शून्य, झोप सोडून)

दुपारी झोपलेली बदकं हा काही योगायोग नाही. अडई आणि इतर बरीच बदकं रात्री चरतात, दिवसा तलाव ही त्यांची विश्रांतीची जागा. अडई संध्याकाळी थव्यानं चरायला निघतात आणि पहाटे परततात. म्हणून हालचाल हवी असेल तर दोनच वेळा: उजाडल्यापासून साधारण दीड तास, आणि मावळतीच्या आधीचा तास. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे सहाच्या सुमारास उघडणाऱ्या बागेत उजेड येण्याआधी जागा धरता येते. हे महत्त्वाचं आहे, कारण अंधारात आधीच बसलेला माणूस बदकांच्या लेखी काठाचाच भाग असतो.

सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्व काठावर बसा, संध्याकाळी पश्चिम काठावर. थापट्याच्या डोक्याचा हिरवा रंग पिसांच्या रचनेतून परावर्तित होतो, प्रकाश बदकाच्या समोरून (तुमच्या पाठीकडून), खालच्या कोनातून पडला तरच तो पेटतो. बदकाच्या बाजूनं किंवा मागून प्रकाश आला की तेच डोकं काळं. इथे एक्स्पोजर वाढवून हिरवा परत येत नाही, फक्त पाणी पांढरं होतं.

वारा असेल तर तोही पाठीशी घ्या. बदकं वाऱ्याच्या तोंडाला उडतात आणि वाऱ्याच्या तोंडालाच उतरतात. वारा तुमच्या पाठीवर असेल तर उतरणारं बदक छाती पुढे करून तुमच्याकडे येतं. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी मिळाले तर जागा सोडू नका. दोन्ही जमत नसतील तर ऊन निवडा.

३. तुमचं चालणं आणि थांबणं (खर्च शून्य, आणि निम्म्याहून जास्त दोष इथेच)

शहरातली बदकं माणसाला घाबरत नाहीत असं वाटतं, कारण दहा फुटांवरून जॉगिंग करणारे जातात आणि ती चरत राहतात. त्यांना सवय असते ती एका ठरावीक गतीनं, काठाला समांतर जाणाऱ्या माणसाची. जो थांबतो, पाण्याकडे तोंड करतो आणि चेहऱ्यासमोर काळी गोल वस्तू धरतो, तो त्या सवयीत बसत नाही. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळपास सगळ्या बाजूंचं त्याला एकाच वेळी दिसतं. म्हणजे 'ते पलीकडे बघत असताना पटकन उचलू' ही युक्ती चालत नाही.

काय करायचं, ते क्रमानं:

पहिल्या फेरीत थांबू नका. कॅमेरा बाजूला लटकलेला, चाल इतर फिरणाऱ्यांसारखी, नजर वाटेवर. कोणता थवा काठाच्या जवळ आहे, मधे आडोसा कुठे आहे, एवढंच हेरा.

दुसऱ्या फेरीत आडोशाजवळ आल्यावर चाल न बदलता त्याच्या मागे खाली बसा. बेशरमीचं झुडूप, बाकड्याची पाठ, झाडाचं खोड, पाणकणीस, काहीही चालेल. उभ्या माणसाची आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी आकृती हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. बांधावर उभे असाल तर ती हमखास दिसते, म्हणून बांधाच्या अलीकडे किंवा त्याच्या पायथ्याशी या.

बसल्यावर लेन्स एकदाच, सावकाश, जिथे ठेवायची तिथे ठेवा आणि मग वीस ते तीस मिनिटं फक्त थांबा. या काळात फोटो काढायचा मोह होतो. तो टाळला तर सरकलेली बदकं चरत चरत परत येतात.

सरळ थव्याच्या दिशेनं चालून जाणं कायम टाळा. पुढे सरकायचंच असेल तर तिरकं, थोडं थोडं, आणि फक्त बदकांची डोकी खाली असताना. पुढच्या खुणा दिसल्या की आहात तिथेच गोठा: चरणं किंवा पिसं साफ करणं अचानक थांबतं, माना ताठ होतात, सगळी एकाच दिशेला तोंड करतात. डोकी वर-खाली झटकायला लागली तर उड्डाण काही क्षणांवर आलंय. त्या वेळी मागे सरकलात तर थवा बहुधा टिकतो.

आणि थवा उडालाच, तर तलावाला वळसा घालून मागे जाऊ नका. शहरातले तलाव लहान असतात. पहिल्यांदा उडालेला थवा बऱ्याचदा फेरी मारून परत उतरतो, दुसऱ्यांदा उडवला की दुसरा तलाव गाठतो. मग तुमचीच नाही, इतरांचीही सकाळ गेली.

४. अंगावरचं आणि आवाज

मातकट, राखाडी, मळकट हिरवे कपडे पुरतात. छापील कॅमोफ्लाज विकत घ्यायची गरज नाही. पांढरी टोपी, चकाकणारं जॅकेट आणि बॅगेवरच्या चमकत्या पट्ट्या मात्र काढा. हातांची आणि चेहऱ्याची हालचाल कपड्यांच्या रंगापेक्षा जास्त दिसते, तेव्हा पातळ हातमोजे आणि गळ्यात एखादं उपरणं घेतलेलं बरं. गळ्यातला पट्टा वाऱ्यानं फडफडतो, तो मनगटाला गुंडाळा. फोन मूक करा, फोकस लागल्याचा 'बीप' बंद करा.

शांत सकाळी आरशाच्या कॅमेऱ्याचा (डीएसएलआर) खटखटाट पाण्यावरून स्पष्ट जातो. 'क्वाएट' मोड असेल तर लावा. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण गप्प असतं, पण बहुतेक मॉडेल्समध्ये उडत्या बदकाचे पंख त्यात वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो. तरंगत्या बदकाला इलेक्ट्रॉनिक, उड्डाणाला मेकॅनिकल, हा साधा नियम.

खाणं टाकून बदकं जवळ आणणं या यादीत नाही. पावानं पाणी सडतं, कुत्री आणि कावळे जमतात, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणं आणि ड्रोन, दोन्हीही नको.

५. कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज

बदकं आता जवळ आहेत आणि फोटो तरी खराब येतोय, असं झालं तरच इथे या.

शटर: तरंगणाऱ्या बदकाला १/५०० ते १/८००, पंख झटकणाऱ्याला १/१६००, उड्डाणाला १/२००० ते १/३२००. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा तुमच्या कॅमेऱ्याला झेपेल तेवढी. पहाटे ३२०० किंवा ६४०० ला घाबरू नका. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा सुधारत नाही.

एक्स्पोजर: मागे गडद जलपर्णी असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो उजळ करतो आणि थापट्याची पांढरी छाती जळते. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ते −१. पाण्यात उजळ आकाशाचं प्रतिबिंब असेल तर उलट, +०.३ ते +०.७. 'हायलाइट अलर्ट' (जळलेला भाग पडद्यावर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा, छाती लुकलुकली की एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपनं खाली आणा.

फोकस: कंटिन्युअस ऑटोफोकस, एकच बिंदू किंवा छोटा झोन, डोळ्यावर. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय मोकळ्या पाण्यात उत्तम चालते. पाणकणसात ती पात्यावर उडी मारते, तिथे एकच बिंदू बरा. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारा खटका असेल तर जवळचं अंतर वगळा. नाहीतर चुकलेला फोकस जवळपासून अनंतापर्यंत फेरी मारून येतो, तोवर बदक गेलेलं असतं.

उड्डाण टिपायचं तर जात ओळखणं कामाला येतं. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही वरवर चरणारी बदकं पाण्यातून जवळपास सरळ वर उसळतात, म्हणून फ्रेममध्ये वर जागा ठेवा. लालसरी आणि शेंडी बदक ही बुडी मारणारी, ती पाण्यावर धावत धावत वेग घेतात. त्यांच्यासाठी जागा पुढे.

६. मऊ फोटो: फिल्टर आणि हवा

लेन्सला दोष देण्याआधी पुढचा यूव्ही फिल्टर काढा. लांब लेन्सवर स्वस्त फिल्टर हे मऊपणाचं फार नेहमीचं कारण आहे आणि ही तपासणी फुकट आहे.

मग हवा तपासा. ऊन चढलं की पाणी, काँक्रीटची वाट आणि बांध यांच्यावरची हवा वेगवेगळी तापते आणि दूरचं दृश्य थरथरतं. पंधरा मीटरवरच्या दगडाचा फोटो घ्या आणि ऐंशी मीटरवरच्या बदकाचा घ्या. दगड धारदार आणि बदक मऊ असेल, एकाच सेकंदातल्या पाच फोटोंत मऊपणा कमी-जास्त होत असेल, तर लेन्स ठीक आहे. यावर पंचाहत्तर हजारांची लेन्सही काही करू शकत नाही, उलट जास्त मिलिमीटर म्हणजे थरथर तेवढी मोठी दिसते. लवकर या आणि जवळ बसा.

७. उंची: जुन्या जीन्सची उशी

बांधावर उभ्या माणसाची लेन्स पाण्यापासून साधारण २.६ मीटर वर असते. बदक २० मीटरवर असेल तर त्याच्या डोक्यामागे दिसणारं पाणी अवघ्या सव्वा मीटरवरचं असतं, म्हणून प्रत्येक तरंग आणि तरंगणारी पिशवी फोकसमध्ये येते. लेन्स पाण्यापासून ४० सेंटिमीटरवर आणली तर तीच पार्श्वभूमी बदकाच्या मागे सुमारे १२ मीटरवर जाते आणि धूसर होते. वर बदकाच्या डोळ्याला डोळा भिडतो तो वेगळाच. फोटोत जीव आणणारा यापेक्षा स्वस्त बदल दुसरा नाही.

त्यासाठी जीन्सच्या पायाचा फूटभर तुकडा कापा, एक टोक शिवा, आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत दीड किलो तांदूळ भरा, दुसरं टोक शिवा. पूर्ण ठासून भरू नका, एक चतुर्थांश जागा मोकळी राहिली तर लेन्स नीट रुतते. थर्माकोलचे दाणे हलके असतात, मोठी लेन्स त्यावर डुलते. ओला तांदूळ आंबतो, म्हणून आतली पिशवी वगळू नका. कॅमेऱ्याचा पडदा वळणारा असेल तर झोपायचीही गरज नाही, मांडी घालून वरून बघता येतं.

कठड्याच्या गजांमधून लेन्स घालणं सोपं वाटतं, पण पट्टा हाताला बांधलेला असू द्या. आणि ओल्या शेवाळी पायऱ्यांवर, गाळाच्या काठावर उतरू नका. वरून सुकलेला दिसणारा गाळ खाली गुडघाभर मऊ असतो.

८. जाळी, आडोसा आणि परवानगी

एवढं करून बदकं काठाजवळ येत नसतील तर अंगावर घ्यायची मातकट जाळी वापरा. दीड बाय दोन मीटरची पुरते. गर्दीच्या बागेत मात्र जाळीत बसलेल्या माणसाभोवती पोरं जमतात आणि आडोशाचाच तमाशा होतो, तेव्हा ती आडवाटेच्या काठालाच ठीक. ट्रायपॉड आणि मोठी लेन्स दिसली की बऱ्याच बागांत रखवालदार हरकत घेतात. वाद घालण्यापेक्षा महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करून परवानगीचं पत्र खिशात ठेवणं सोयीचं. अर्जात तारखा, वेळ आणि 'व्यावसायिक चित्रीकरण नाही' हे स्पष्ट लिहा.

९. आता लेन्सचा हिशेब

सेन्सरवरची प्रतिमा किती मोठी पडेल ते कागदावर काढता येतं: बदकाची लांबी गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. हळदीकुंकू बदक साधारण ६० सेंटिमीटर. ४०० मिमी लेन्स, ३० मीटर अंतर, तर प्रतिमा ८ मिमी. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर जवळपास २४ मिमी रुंद, म्हणजे बदक फ्रेमचा तिसरा हिस्सा भरतं. हे पुरेसं आहे. तेच बदक फुल फ्रेमवर ३०० मिमीनं ४० मीटरवरून ४.५ मिमी येतं, म्हणजे ३६ मिमीच्या फ्रेमचा आठवा हिस्सा. चक्रांग तर लांबीला ३५ सेंटिमीटरच्या आसपास, त्याचं गणित आणखी तोकडं.

आता याच सूत्रात अंतर ४० वरून २० करा. ३०० मिमी लेन्सनं ६०० चं काम केलं. आधीचे आठ मुद्दे नीट पाळूनही अंतर ४० च्या खाली येत नसेल, तर मात्र लेन्स घ्या. आधी एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घेऊन बघा. ६०० मिमी, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ६.३, २० मीटर अंतर, एपीएस-सी सेन्सर असेल तर फोकसची खोली (जेवढा पट्टा धारदार येतो तो) जेमतेम २८ सेंटिमीटर असते: डोळा धारदार आणि शेपटी मऊ आली तर तो बिघाड नव्हे.

१०. लेन्सची घरची चाचणी, आणि तिथून पुढे हात लावू नका

सावलीत उभ्या गाडीची नंबरप्लेट २० मीटरवरून घ्या. कॅमेरा उशीवर किंवा ट्रायपॉडवर, फिल्टर काढलेला, छिद्र पूर्ण उघडं, शटर १/१०००, दोन सेकंदांचा टायमर. मधल्या बिंदूनं दहा फोटो, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हातानं फोकस लावून तीन फोटो.

हाताचे धारदार आणि ऑटोफोकसचे मऊ आले, तर आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा मेळ बिघडलाय. 'एएफ फाइन ट्यून' किंवा 'मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट' मेनूत असेल तर घरी जुळवा, नसेल तर सर्व्हिस सेंटर. दोन्ही मऊ आले, किंवा फ्रेमची एकच बाजू सतत मऊ, तर आतली भिंग सरकलेली आहेत. मागून टॉर्च मारून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. या दोन्हींत स्क्रू ड्रायव्हर उचलू नका, लेन्स सीलबंद पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा, इतर लेन्सपासून वेगळी. एफ ११ ला आकाशात तेच ते ठिपके येत असतील तर सेन्सरवर धूळ आहे. हवेचा फुगा वापरून पाहा, तोंडानं फुंकू नका, उरले तर दुकानातून साफ करून घ्या.

काही वेळा मात्र फोटो काढणंच थांबवायचं. पिल्लं घेऊन चाललेली हळदीकुंकू किंवा अडई तुमच्यामुळे पाणकणसातून उघड्यावर आली, तर उठून मागे जा. मांजा किंवा मासेमारीच्या जाळीत अडकलेलं, पंख लोंबणारं बदक दिसलं तर पाण्यात उतरू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर जागा नेमकी सांगा आणि मदत येईपर्यंत कुत्र्यांना दूर ठेवा. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले किंवा मान टाकलेले दिसले तर अजिबात हात लावू नका, तोच क्रमांक फिरवा आणि महापालिकेलाही कळवा.

सर्व्हिस सेंटरला जाताना लेन्स एकटी नेऊ नका, बॉडीही न्या, कारण मेळ दोघांचा तपासायचा असतो. नंबरप्लेटचे मूळ फोटो न कापता पेन ड्राइव्हवर द्या, सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या आणि लेन्स उघडण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागा. तो अंदाज तीच लेन्स जुन्या बाजारात ज्या भावानं मिळते त्याच्या निम्म्याच्या पुढे गेला, तर दुरुस्ती करू नका.